संगणकाला आठ हात नसतात

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ हे गाव सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. शहाद्याकडून घाट चढून वर आले की यशवंत तलाव दिसतो आणि आपण पठारावर पोचलो हे कळते. पर्यटक येथे थंड हवेसाठी येतात. आम्ही गेलो होतो ते परिसरातील प्राथमिक शिक्षकांच्या एका छोट्या शिबिरात संगणकाविषयी बोलण्यासाठी.

शिबिराच्या खोलीत भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगलेला होता. मधोमध संगणक, आणि त्याला देवीसारखे आठ हात. एका हातात पत्र, दुसऱ्यात गाण्याची तबकडी, तिसऱ्यात गणिताचा कागद, चौथ्यात छायाचित्र, असे सगळे हात भरलेले. खाली ठळक अक्षरांत वाक्य होते : ‘संगणक एकाच वेळी अनेक कामे करतो.’

तक्ता देखणा होता. मुलांना आवडेल असा होता. आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून शिक्षकांना विचारले, “एक यंत्र जर एकाच वेळी आठ कामे करते, तर आपण माणसांनी का करू नयेत?” टाळ्या पडल्या. आम्हाला मात्र त्या वाक्याची चिंता वाटू लागली.

या लेखात त्या तक्त्याचे आणि त्या वाक्याचे परीक्षण करायचे आहे. कोणा एकाला दोष देण्याचा हेतू नाही. संगणकाची ओळख करून देणाऱ्या अनेक पुस्तिकांत हे वाक्य थोड्याफार फरकाने आढळते. आम्ही स्वतःही पूर्वी व्याख्यानांतून अष्टभुजा देवीची उपमा वापरली आहे. म्हणून ही टीका आमच्यावरही आहे, असे वाचकांनी समजावे.

एकच हात, पण चपळ

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. तो स्मृतीतून एक आज्ञा घेतो, ती पार पाडतो, मग पुढची घेतो. प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकाच आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रामचे, काम करत असतो, असे समजून चालायला हरकत नाही. (काही आधुनिक गाभे दोन आज्ञावल्यांच्या आज्ञा एकमेकींत गुंफू शकतात, पण त्याने पुढील विवेचनात फरक पडत नाही.)

मग पत्र लिहीत असताना गाणेही ऐकू येते ते कसे? उत्तर असे की संगणक पाळीपाळीने काम करतो. समजा, आठ आज्ञावल्या काम मागत आहेत आणि प्रत्येकीला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो आहे. आठ जणींची एक फेरी सेकंदाच्या आठ शतांशांत पुरी होते. म्हणजे एका सेकंदात बारा फेऱ्या होऊन वर थोडा वेळ उरतो. आपल्याला वाटते आठही कामे अखंड चालली आहेत. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रे दाखवली की हालचाल भासते, तसाच हा भास आहे. चित्रपट शिकवताना आपण मुलांना हा भास समजावून सांगतो. संगणक शिकवताना मात्र भासालाच वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

सेकंदाचा शंभरावा भाग आपल्याला क्षुल्लक वाटतो. परंतु सेकंदाला १०० कोटी ठोके देणाऱ्या प्रोसेसरसाठी तेवढ्या वेळात १ कोटी ठोके पडतात. तेवढ्यात पुष्कळ काम होते.

येथे एक मुद्दा तक्त्यातून पूर्णपणे निसटला आहे. संगणकापुढच्या बहुतेक आज्ञावल्या बहुतेक वेळ काहीच करत नसतात, त्या वाट पाहत असतात. वेगाने टंकलेखन करणारा माणूस सेकंदाला पाच अक्षरे टाकतो असे धरा. दोन अक्षरांमध्ये सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे आपल्या प्रोसेसरचे २० कोटी ठोके जातात. एवढा काळ पत्र लिहिण्याची आज्ञावली पुढच्या अक्षराची वाट पाहते. तबकडीवरून माहिती यायची असली, दूरवरच्या संगणकाकडून उत्तर यायचे असले, तरी हेच. वाट पाहणाऱ्याला बाजूला बसवायचे आणि ज्याच्याजवळ काम तयार आहे त्याला पुढे घ्यायचे, हे या पद्धतीचे मर्म आहे. मल्टिटास्किंग म्हणजे अनेक कामे एकदम करणे नव्हे. वाट पाहण्यात वाया जाणारा वेळ दुसऱ्याच्या उपयोगी आणणे म्हणजे मल्टिटास्किंग.

इतिहासही हेच सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्या पिढीच्या यंत्रावर एका वेळी एकच आज्ञावली चाले. ती संपेपर्यंत बाकीच्यांनी रांगेत राहायचे. यंत्र महाग, म्हणून माणसाने यंत्राची वाट पाहायची अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याचे प्रात्यक्षिक केले. माणूस विचार करत असताना, बोटे कळफलकावर थबकलेली असताना यंत्राने दुसऱ्याचे काम करावे, ही कल्पना. प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. आठ हात तेव्हाही नव्हते. एकच हात होता आणि तो रिकामा ठेवायचा नाही, एवढे ठरवले होते.

द्विशिक्षकी शाळेत जे दिसले

दुसऱ्या दिवशी आम्ही पठारावरच्या एका पाड्यातली शाळा पाहायला गेलो. इयत्ता पहिली ते चौथी, तीसेक मुले, दोन शिक्षक. त्यांपैकी एक शिक्षक कसलीशी माहिती भरून देण्याच्या बैठकीसाठी खाली गेले होते. उरलेले गुरुजी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसले होते. मुलांच्या घरची बोली पावरी, पुस्तकाची भाषा मराठी. त्यामुळे पहिलीच्या मुलांशी ते अर्धे बोलणे पावरीत करत.

आम्ही तासभर मागे बसून पाहिले. पहिलीची मुले चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करत होती. दुसरी शुद्धलेखन उतरवत होती. तिसरीला गुरुजी हातच्याची वजाबाकी शिकवत होते. चौथी धडा वाचत होती. वजाबाकीची दोन उदाहरणे फळ्यावर सोडवून झाली की गुरुजी तिसरीला तीन उदाहरणे देत आणि पहिलीकडे वळत. तेथे ढीग तपासून नवे काम दिले की चौथीकडे. एका क्षणी ते एकाच वर्गाचे होते. तरीही चारही वर्ग चालू होते.

भिंतीच्या कडेला एक जुना फळा होता. त्याचे खडूने चार भाग केले होते. वर्ग सोडताना गुरुजी त्या वर्गाच्या भागात दोन-तीन शब्द लिहीत : ‘वजाबाकी, उदा. ४ पासून’, ‘धडा, तिसरा परिच्छेद’. परत आले की आधी त्याकडे नजर टाकत आणि नेमके तेथून सुरू करत. आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “सर, हे लिहिलं नाही तर परत आल्यावर ‘आपण कुठं होतो रे?’ विचारण्यातच पाच मिनिटं जातात. आणि पोरं सांगतात ते दर वेळी खरं असतंच असं नाही.”

आम्हाला हवी होती ती उपमा येथे सापडली. संगणकही हेच करतो. एका आज्ञावलीची पाळी संपली की ती कोणत्या आज्ञेपर्यंत आली होती, तिच्या हातचे आकडे काय होते, हे सारे स्मृतीत ठरलेल्या जागी लिहून ठेवले जाते. मग दुसरीचे टिपण काढून तिचे आकडे प्रोसेसरमध्ये भरले जातात आणि ती सोडल्या जागेपासून पुढे चालू लागते. ही देखरेख करणारी आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. तिच्याजवळ प्रत्येक कामाचे टिपण असते, जसा गुरुजींजवळ चार भागांचा फळा होता.

आपल्या भाषेत ‘अष्टावधानी’ हा शब्द आहे. त्यालाही आपण आठ हातांच्याच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात तेलुगू प्रदेशात अष्टावधानाचे जे जाहीर प्रयोग होतात त्यांत आठ पृच्छक अवधानीला पाळीपाळीने प्रश्न घालतात. कोणाला कवितेची एक ओळ द्यायची, कोणाच्या अवांतर प्रश्नाला उत्तर द्यायचे, मधूनच वाजणाऱ्या घंटेचे ठोके ध्यानात ठेवायचे. मग पुढच्या फेरीत त्या कवितेची पुढची ओळ. अवधानीचे कसब एका वेळी आठ तोंडांनी बोलण्यात नसते. सोडलेला धागा बिनचूक पुन्हा धरण्यात असते. म्हणून तक्त्यासाठी अष्टभुजा ही उपमा चूक आणि अष्टावधानी ही बरोबर. दोन्हींत आठ हा आकडा आहे एवढ्यावरून आपण त्यांची गल्लत करतो.

घंटा कोणाच्या हाती?

दुसरा प्रश्न असा की एका आज्ञावलीची पाळी संपली हे ठरवणार कोण?

एक मार्ग म्हणजे प्रत्येक आज्ञावलीने आपण होऊन पाळी सोडावी. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये असाच विश्वासाचा व्यवहार होता. एखादी आज्ञावली अडकून बसली किंवा तिने पाळी सोडलीच नाही, तर सगळा पडदा थिजून जाई. ज्यांनी त्या काळात संगणक वापरला त्यांना वाळूच्या घड्याळाचे ते चित्र आणि शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे चांगले आठवत असेल.

दुसरा मार्ग म्हणजे घड्याळाने पाळी काढून घेणे. संगणकातील एक स्वतंत्र घड्याळ ठरावीक काळाने प्रोसेसरला इशारा देते. इशारा आला की चालू आज्ञावली, तिची इच्छा असो वा नसो, थांबते आणि कार्यप्रणाली पुढचा निर्णय घेते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सच्या परंपरेत हीच रीत रूढ झाली; विंडोज ९५ ने १९९५ मध्ये नव्या धाटणीच्या आज्ञावल्यांसाठी ती स्वीकारली. आज आपल्या हातातील फोनही याच रीतीने चालतात.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर घंटा शिपायाच्या हाती असते, सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या वर्गाच्या हाती नसते. ‘अनेक कामे करतो’ या वाक्यात या घंटेचा पत्ताच नाही. वास्तविक घंटा नसेल तर अनेक कामे होतच नाहीत. एकच काम होते आणि तेही अडून बसलेले.

आठ गाभे आले, तरीही

येथे एखादे जाणकार शिक्षक आक्षेप घेतील. आजच्या साध्या फोनमध्येही आठ-आठ गाभे असतात. मग आता तरी आठ हात खरे नव्हेत का?

आक्षेप रास्त आहे. अनेक गाभे असले की खरोखरच तितकी कामे एका क्षणी होतात. याला समांतर संगणन म्हणतात आणि महाराष्ट्राला त्याची चांगली ओळख आहे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा संगणक उभा केला, तो ६४ ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकत्र जोडून. पण परममध्ये मोठे गणित तुकड्यांत वाटून एकाच वेळी सोडवणे हा हेतू होता. मल्टिटास्किंगचा प्रश्न वेगळा आहे : हात थोडे, कामे जास्त, तर वाटणी कशी करायची? गंमत अशी की परममधल्या त्या ट्रान्सप्युटरमध्येही पाळ्या वाटून देणारी यंत्रणा प्रोसेसरच्या घडणीतच बसवलेली होती. म्हणजे ६४ हात असूनही प्रत्येक हाताला पाळ्या होत्याच.

आजच्या फोनमध्ये गाभे आठ असले तरी एका वेळी जिवंत असलेली लहानमोठी कामे शेकड्यांनी असतात. आठ शिक्षक आणि शेकडो वर्ग अशी ती शाळा आहे. पाळ्या चुकत नाहीत. तक्त्यावर आठ हात काढायचेच असतील तर समोर शेकडो कामांची रांगही काढली पाहिजे.

बदलाची किंमत

आता सर्वांत महत्त्वाचा दोष. तक्त्यावरून असे वाटते की एका कामावरून दुसऱ्यावर जाणे फुकट असते. ते तसे नाही.

टिपण लिहिणे, दुसरे काढणे याला संगणकाला काही मायक्रोसेकंद लागतात. समजा, ५ मायक्रोसेकंद लागले. पाळी सेकंदाच्या शंभराव्या भागाची, म्हणजे १०,००० मायक्रोसेकंदांची असेल, तर हा खर्च नगण्य आहे : दोन हजारांत एक. पण कोणी म्हणाले की पाळ्या आणखी झटपट बदलू या आणि पाळी १० मायक्रोसेकंदांची केली, तर दर १५ मायक्रोसेकंदांतले ५ नुसत्या बदलण्यात जातील. एक तृतीयांश वेळ वाया! शिवाय प्रोसेसरच्या निकटच्या छोट्या स्मृतीत आधीच्या कामाचे सामान भरलेले असते. नवे काम आले की ते हळूहळू बदलावे लागते, तोवर वेग मंदावतो. हे गणित आठवी-नववीचे विद्यार्थी सहज करू शकतील. पाळीची लांबी बदलून वाया जाणाऱ्या वेळेचा आलेख त्यांच्याकडून जरूर काढून घ्यावा.

कामे फारच वाढली तर याहून वाईट घडते. प्रत्येक आज्ञावलीला स्मृतीत जागा लागते. जागा पुरेनाशी झाली की एकीचे सामान तबकडीवर हलवून दुसरीचे आत आणावे लागते. लगेच पहिलीची पाळी येते आणि पुन्हा उलट वाहतूक. एका मर्यादेपलीकडे संगणक सामानाची ने-आणच करत राहतो, कामे जवळजवळ थांबतात. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञांनी १९६८ साली या अवस्थेची कारणमीमांसा केली. त्यांच्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे : अशा वेळी प्रोसेसर अधिक वेगवान करून उपयोग नसतो. एक तर जागा वाढवावी लागते किंवा कामांची संख्या कमी करावी लागते. प्रत्येक कामाला हाताशी लागणारे किमान सामान मावत असेल, तेवढीच कामे एका वेळी आत घ्यायची.

आणि ओझे अचानक वाढले तर? २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने धोक्याचे इशारे दिले. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे संगणकाचा काही वेळ फुकट जात होता आणि कामे वेळेत पुरी होत नव्हती. त्या संगणकाची बदलती स्मृती अवघ्या दोन हजारांच्या आसपास शब्दांची होती. पण त्याच्या रचनाकारांनी कामांना अग्रक्रम दिलेले होते. संगणक स्वतःला पुन्हा सुरू करी, कमी महत्त्वाची कामे सोडून देई आणि यान सांभाळण्याचे काम पुढे चालवी. यान उतरले. त्या यशाला संगणकाने सगळी कामे केली हे कारण नव्हते. कोणती कामे सोडायची हे आधीच ठरलेले होते, हे कारण होते.

अग्रक्रम ठरवतानाही सावध राहावे लागते. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणारे एक दुय्यम काम सामायिक साधन धरून बसे; मधल्या दर्जाची कामे त्याला पाळी मिळू देत नसत; आणि त्या साधनासाठी सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबून राही. उपाय असा केला गेला की वरिष्ठ काम ज्याच्यासाठी खोळंबले आहे, त्या दुय्यम कामाला तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यायचा. पृथ्वीवरून आज्ञावलीत दुरुस्ती पाठवली गेली आणि दोष दूर झाला.

माणसाचे काय?

वक्त्यांच्या प्रश्नाकडे आता वळू. यंत्र करते, मग माणसाने का करू नये?

माणसालाही बदलाची किंमत पडते, हे मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. २००१ मध्ये रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स या संशोधकांनी दाखवले की कामांचे नियम जितके गुंतागुंतीचे, तितका बदलण्यात अधिक वेळ जातो.

हा प्रयोग कोणत्याही वर्गात, काहीही खर्च न करता करता येईल. मुलांना आधी क पासून ज्ञ पर्यंतच्या क्रमाने पहिली वीस अक्षरे लिहायला सांगा आणि मग १ ते २० आकडे. दोन्हींचा मिळून वेळ नोंदवा. नंतर तीच अक्षरे आणि तेच आकडे आलटूनपालटून लिहायला सांगा : क, १, ख, २, ग, ३... लिहायचे सामान तेवढेच आहे. दोन्ही वेळांची तुलना मुलांनाच करू द्या. चुकाही मोजायला सांगा. मग अभ्यास करताना फोन शेजारी ठेवावा की नाही, यावर आपल्याला उपदेश करावा लागणार नाही. निम्म्या मुलांकडून उलट क्रमाने, म्हणजे आधी आलटूनपालटून, लिहून घ्यावे. नाही तर सरावाचा परिणाम निष्कर्षात मिसळेल.

तथापि शाळेची उपमाही आम्ही ताणू इच्छित नाही. थांबवलेल्या आज्ञावलीला कंटाळा येत नाही आणि तिचे टिपण एका आकड्यानेही पुसट होत नाही. मूल थांबले की विसरते, खिडकीबाहेर बघते. दुसरीकडे मूल थांबलेले असतानाही शिकत असते. त्या शाळेत चौथीतली एक मुलगी आपले वाचन संपवून पहिलीच्या मुलांचे चिंचोक्यांचे ढीग तपासत होती, आणि तिसरीची वजाबाकी दुसरीतली दोन मुले मान वळवून ऐकत होती. संगणकात असे होत नाही. तेथे एका आज्ञावलीने दुसरीच्या स्मृतीत डोकावू नये म्हणून मुद्दाम भिंती घातलेल्या असतात. या बाबतीत शाळा संगणकापेक्षा सरस आहे, आणि बहुवर्ग अध्यापनाची सारी ताकद येथेच आहे.

वाक्य बदलले पाहिजे

एखाद्या तक्त्यावरील वाक्याचा एवढा कीस का काढायचा, असे कोणी म्हणेल. कारण ते वाक्य तक्त्यावरच राहत नाही. ‘यंत्र करते, तुम्हीही करा’ असे म्हणत ते शिक्षकाच्या गळ्यात पडते.

शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. म्हणजे डोंगराळ भागातील लहान शाळांमध्ये बहुवर्ग अध्यापन ही नेहमीची स्थिती आहे. त्याच २००९ च्या कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये. संगणकाच्या भाषेत हे कलम म्हणजे आत किती कामे घ्यायची याची मर्यादा आहे. ती ओलांडली गेली तर काय होते, हे डेनिंग यांनी यंत्रापुरते दाखवून दिले आहे. अशा वेळी ‘अधिक चपळ व्हा’ हा सल्ला यंत्रालाही लागू पडत नाही. आम्ही पाहिलेल्या शाळेत त्या दिवशी दोनांपैकी एक शिक्षक माहिती भरण्यासाठी खाली गेले होते. राहिलेल्या गुरुजींचे कसब आम्हाला आवडले, हे खरे. पण त्या कसबाचे कौतुक करून दुसऱ्या शिक्षकाची गैरहजेरी भरून निघत नाही.

शिबिराच्या अखेरीस आम्ही शिक्षकांसह तक्त्यासाठी नवा मजकूर तयार केला. तो असा : ‘संगणक एका गाभ्यावर एका क्षणी एकच काम करतो. काम सोडताना ते कुठे सोडले याची नोंद ठेवतो. कोणाची पाळी कधी संपणार हे घड्याळ ठरवते. कामे फार झाली तर तो अडतो, म्हणून कामांची संख्या आणि अग्रक्रम ठरवावे लागतात.’ चार वाक्ये झाली. तक्त्यावर मावायला अडचण नाही. हातांच्या जागी चार भागांचा फळा आणि एक घंटा काढता येईल.

निघताना त्या शाळेतल्या गुरुजींना हा मजकूर दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “सर, चौथं वाक्य जरा मोठ्या अक्षरांत काढा.” आमचीही तीच सूचना आहे.